पाकीट पास, पातेलं नापास: खान्देशातल्या अंगणवाडीच्या आहाराचं परीक्षण

पाकीट फोडलं की आधी नाकाला लावावं. भाजलेल्या धान्याचा वास आला तर पुढे जावं. जुन्या तेलाचा किंवा रंगाच्या डब्यासारखा वास आला, तर ते खवट झालंय असं समजून तिथेच थांबावं. मग चिमूटभर तळहातावर घेऊन चोळावं. गाठी, जाळी, सोंडे दिसले तर चाळून वापरायचा मोह टाळावा, कारण चाळल्याने अळी निघून जाते पण ओल धरलेलं पीठ तसंच राहतं. बनवल्याची तारीख, संपण्याची तारीख आणि बॅच क्रमांक हे सगळं बघायला एक मिनिट पुरतं. खान्देशात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असतो आणि अनेक अंगणवाड्यांचं छप्पर पत्र्याचं असतं. म्हणून इथे हे एक मिनिट पुण्या-मुंबईपेक्षा जास्त मोलाचं आहे.

परीक्षण करायचंय ते अंगणवाडीतून मिळणाऱ्या आहाराचं. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना आणि गरोदर-स्तनदा मातांना घरी नेण्यासाठी मिळणारं पाकीट, म्हणजे सेविकांच्या बोलीत ‘टीएचआर’ (टेक होम रेशन), आणि आदिवासी पट्ट्यात अमृत आहार योजनेतून मातांना मिळणारी गरम जेवणाची थाळी. तुलनेला किराणा दुकानातला बाळाच्या पिठाचा डबा आणि पाच रुपयांचा बिस्किटपुडा घेतलाय, कारण खरी स्पर्धा त्यांच्याशीच आहे. निकाल आधीच सांगायचा तर पाकीट पास होतं, बहुतेक वेळा नापास होतं ते घरचं पातेलं.

पाकिटात काय असतं हे वेळोवेळी बदलत आलंय. एके काळी शिरा, सुकडी, उपमा अशी तयार मिश्रणं यायची आणि त्यांतली बरीचशी गोठ्यात जायची, हे गावात कुणाला नव्याने सांगायला नको. कोविडच्या काळात त्याऐवजी गहू, हरभरा, डाळ, तिखट, हळद, मीठ असं कोरडं धान्य वाटलं. लोकांना ते आवडलं, पण ते सरळ घराच्या कणगीत गेलं आणि बाळाच्या वाटणीचं वेगळं असं काही राहिलंच नाही. त्यानंतर पुन्हा तयार मिश्रणं आली. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा 2013 मध्ये झाला, तेव्हा त्याच्या अनुसूचीत सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलासाठी दिवसाला 500 कॅलरी आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिनं, गरोदर-स्तनदा मातेसाठी 600 कॅलरी आणि 18 ते 20 ग्रॅम प्रथिनं, तर कुपोषित मुलासाठी 800 कॅलरी आणि 20 ते 25 ग्रॅम प्रथिनं असं माप होतं. ही अनुसूची 2023 मध्ये सुधारली. इथे सोयीसाठी मुलाचे 500 धरू.

कोरड्या मिश्रणात 100 ग्रॅमला साधारण 400 कॅलरी असतात. म्हणजे 500 कॅलरींना सव्वाशे ग्रॅम लागतं आणि महिन्याच्या 25 दिवसांना सव्वातीन किलोला थोडं कमी. हे सगळं बाळाच्याच पोटात गेलं तर काम चोख होतं. पण पाच-सहा माणसांच्या घरात ‘सगळ्यांना थोडा थोडा शिरा’ केला, तर एका वेळेला पाचशे-सहाशे ग्रॅम उडतं आणि महिन्याचं पाकीट आठवड्यात संपतं. इथे कुणाला दोष द्यायचा नाही. घरात दुसरं लहान लेकरू बघत बसलेलं असताना एकालाच वाढणं अवघड असतं. उपाय एकच, तोही साधा: पाकीट घरी येताच झाकणाच्या वेगळ्या डब्यात ओतायचं, डबा जमिनीवर न ठेवता फळीवर, चुलीपासून लांब ठेवायचा आणि मापाची वाटी त्यातच टाकून ठेवायची. मोठ्यांनी हात घातला की निदान ते वाटीच्या मापावरून कळतं.

आता पातेल्याकडे. खान्देशातल्या घरांत बाळासाठी जी पेज किंवा खीर होते, ती बहुतेक वेळा पेल्याने पिता येईल इतकी पातळ असते. घट्ट केलं तर घशात अडकेल, पचायला जड जाईल, ही आजीची भीती. ती प्रेमापोटी असते, पण तिचा हिशेब करून बघा. बाळाच्या पोटात एका वेळी वजनाच्या दर किलोमागे साधारण 30 मिली मावतं. आठ किलोच्या बाळाला म्हणजे 240 मिली, जेमतेम एक पेला. या पेलाभर पाण्यात पोहे खायच्या चमच्याने दोन चमचे, म्हणजे 15 ग्रॅम पीठ शिजवलं, तर पोट तुडुंब भरतं आणि मिळतात फक्त 60 कॅलरी. दिवसातून तीनदा दिलं तरी 180. वर्ष ओलांडलेल्या मुलाला आईच्या दुधाखेरीज वरच्या खाण्यातून दिवसाला साधारण 550 कॅलरी हव्या असतात, नऊ ते अकरा महिन्यांच्या बाळाला 300 आणि सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला 200. ‘पोट भरतं पण अंगाला लागत नाही’ अशी तक्रार असते, तिचं उत्तर या पाण्यात आहे.

त्याच पेल्यात बरोबर कृती अशी. आमटीची 150 मिलीची छोटी वाटी अर्धी भरून पीठ घ्यावं, ते साधारण 40 ग्रॅम होतं. आधी अर्धा कप गार पाण्यात कालवून गाठी मोडाव्यात. गरम पाण्यात थेट पीठ टाकलं की गाठी होतात, त्यांच्या आत पीठ कच्चं राहतं आणि मग बाळाला वारा धरतो. दोष पिठाला लागतो. उरलेलं पाणी मिळून एकूण 200 मिली व्हावं. मंद आचेवर सतत हलवत पाच-सात मिनिटं शिजवावं. उतरवल्यावर चहाचा एक चमचा तेल किंवा तूप. मिश्रण मुळातच गोड असेल तर वरून गूळ-साखर नको. 40 ग्रॅमचे 160 आणि तेलाचे 45, एकूण 205 कॅलरी, पोट तेवढंच भरून. चाचणी चमच्याची: चमचा तिरका केला की खीर पाण्यासारखी ओघळू नये, सावकाश गोळा होऊन पडावी. बाटलीतून पाजता येते अशी खीर म्हणजे पातळच झाली. बाटली नकोच, तिचं निपल नीट धुतलं जात नाही आणि जुलाब तिथून सुरू होतात.

एवढं घट्ट बाळ घेत नसेल तर पाणी वाढवायचं नाही. मोड आलेल्या नाचणीचं किंवा गव्हाचं पीठ वापरायचं. मोड येताना धान्यात एक विकर (एन्झाइम) तयार होतं, ते पिष्ट (स्टार्च) तोडतं. शिजलेली घट्ट खीर थोडी निवली, बोट क्षणभर टेकवता येईल इतकी, की त्यात हे पीठ चहाचा एक चमचा घालून ढवळावं. दोन-चार मिनिटांत खीर आपोआप सैल होते, कॅलरी मात्र तेवढ्याच राहतात. मग पुन्हा एक उकळी काढायची, म्हणजे कच्च्या पिठातले जंतू मरतात. उकळत्या खिरीत हे पीठ घातलं तर विकर मरतं आणि काहीच होत नाही. ‘करून बघितलं, उपयोग नाही’ म्हणणाऱ्यांचं बहुधा इथे चुकतं. पीठ करायला नाचणी रात्रभर भिजवून ओल्या सुती फडक्यात बांधायची, उन्हाळ्यात एका दिवसात मोड येतात, हिवाळ्यात दोन लागतात. मोड दिसले की वाळवून, हलकं शेकून दळायचं. जास्त भाजलं तर पुन्हा तेच, विकर जातं.

ज्वारीला मात्र मोड आणून बाळाला देऊ नये. कोवळी ज्वारी खाऊन गुरं दगावतात हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. तेच विष ज्वारीच्या कोंबातही असतं. दादर ज्वारी भाजून दळलेली उत्तम, मोडाची नको.

किती आणि कितीदा, हे अंगणवाडीच्या भिंतीवरच्या तक्त्यावर असतं, पण तक्ता बहुधा कपाटाआड. पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध, घुटी नाही, पाणीही नाही, जळगावच्या मे महिन्यातही नाही. सहा महिने पूर्ण झाले की दोन-तीन चमच्यांनी सुरुवात करून आठव्या महिन्यापर्यंत अर्धी वाटी, दिवसातून दोन-तीनदा. इथे वाटी 250 मिलीची. नऊ ते अकरा महिने अर्धी वाटी तीन-चारदा आणि मध्ये एखादं खाणं. वर्षानंतर पाऊण ते पूर्ण वाटी तीन-चारदा, वर एक-दोन खाणी. अंगावरचं दूध दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही चालू.

चवीबद्दल थोडं. तयार मिश्रणांवरची सर्वात मोठी तक्रार म्हणजे ती एकसुरी गोड असतात, आणि खान्देशी जिभेला तिखट-मिठाचं वळण असतं. गोड नसलेल्या मिश्रणाची लसणाच्या फोडणीवर खिचडीसारखी पेज किंवा थालीपीठ छान होतं. बाळासाठी तिखट वगळून, आईसाठी घालून. आईचं पाकीट पडून राहतं त्याचं अर्धं कारण चव आहे. उरलेलं अर्धं हे की घरातली सून सगळ्यांचं झाल्यावर जेवते आणि तोवर वेगळं काही शिजवायला जीव राहत नाही. सकाळी भाकऱ्या थापतानाच तिच्या पिठाचं एक थालीपीठ तव्यावर टाकावं, ते पोटात जातं.

अमृत आहार ही वेगळीच गोष्ट आहे आणि आमच्या मते जास्त चांगली. डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना राज्यात 2015 मध्ये आदिवासी भागासाठी सुरू झाली. खान्देशात तिचा पट्टा म्हणजे नंदुरबारचे अक्कलकुवा-धडगाव-तळोदा वगैरे तालुके, धुळ्यात साक्री-शिरपूरकडचा भाग, जळगावात यावल-चोपडा-रावेरची सातपुड्याला टेकलेली गावं. गरोदर आणि स्तनदा मातेला एक वेळ पूर्ण गरम जेवण: भात, भाकरी किंवा पोळी, डाळ, भाजी, शिवाय अंडं किंवा लाडू-चिक्की असं काही. पुढच्या टप्प्यात सात महिने ते सहा वर्षांच्या मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडं किंवा केळी आली. कल्पना नेमकी आहे. पाकीट वाटून घेता येतं, समोर बसून खाल्लेलं जेवण वाटता येत नाही.

थाळी जोखायची ती डाळीवरून. तीस ग्रॅम कच्च्या डाळीत सहा-सात ग्रॅम प्रथिनं असतात, पण ती पातेल्याच्या तळाशी बसतात. पळी तळापर्यंत घालून ढवळून वाढलं तर पहिल्या आणि शेवटच्या बाईला सारखंच मिळतं. नाही तर पहिलीच्या ताटात पिवळं पाणी आणि शेवटचीच्या ताटात गोळा. दहा बायांचं जेवण असेल तर 300 ग्रॅम डाळ पातेल्यात पडली का, एवढं एकच माप आहार समितीने रोज बघितलं तरी पुष्कळ. भाकरीत सुधारणा तर आपल्या घरातच आहे: कळण्याची भाकरी. दोन-तीन वाटे ज्वारी आणि एक वाटा सालासकट काळे उडीद, थोडं मीठ घालून दळायचं. ज्वारीच्या प्रथिनांत जो एक घटक तोकडा असतो तो उडदात भरपूर असतो, त्यामुळे दोन्ही मिळून अंगी लागतात. जुन्या माणसांनी हे चवीसाठी केलं असेल, पण गणित पक्कं आहे. भाजीत पोकळा, मेथी, शेवग्याचा पाला, पावसाळ्यात तरोट्याची (टाकळ्याची) कोवळी पानं. वर लिंबू पिळलं तर पानांतलं लोह अंगात जास्त शोषलं जातं. जेवणावर लगेच चहा प्यायला तर तेच लोह वाया. निदान तासभर थांबावं.

अंड्याला पर्याय म्हणून केळी दिली जाते, तिथे मात्र आम्ही गुण कापू. जळगावची केळी आपली शान, सगळं मान्य. पण एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं आणि एका केळीत जेमतेम एक. म्हणजे अंड्याच्या जागी दोन केळी दिल्या तरी प्रथिनं दोन ग्रॅमच्या आसपास राहतात. ज्या घरात अंडं चालत नाही त्यांनी केळीबरोबर मूठभर शेंगदाण्यांचं कूट (25 ग्रॅम) मागून घ्यावं, सहा ग्रॅम भरून निघतात. पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खा दाणा देऊ नये, श्वासनलिकेत अडकतो, कूटच हवं. सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला पूर्ण शिजलेलं अंडं कुस्करून चालतं, वर्षभर थांबायची गरज नाही.

थाळीची खरी अडचण वेळ आणि वाट. धडगाव-अक्कलकुव्यात एका गावाचे पाडे डोंगरभर विखुरलेले असतात. आठव्या महिन्यातली बाई एका जेवणासाठी घाट चढून येईल ही अपेक्षाच चुकीची आहे. मग डबा घरी जातो आणि थाळीचं पुन्हा पाकीट होतं. सपाटीच्या गावात कापूस वेचायला आठला निघालेली बाई बाराच्या जेवणाला कुठून येणार? जिथे मदतनीस सकाळी लवकर चूल पेटवते तिथे हजेरी भरते, एवढं साधं. दिवाळीनंतर तर नंदुरबार-धुळ्यातली कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत उतरतात आणि होळी-आखाजीच्या सुमारास परततात. नेमके गरोदरपणाचे किंवा बाळाच्या पहिल्या वर्षाचे महिने फडावर जातात. निघण्याआधी सेविकेकडून पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या मोबाइल अॅपवरची नोंद स्थलांतरित म्हणून करून घ्यावी, माता-बाल संरक्षण कार्ड सोबत बांधावं आणि लोहाच्या गोळ्या तेवढ्या महिन्यांच्या मागून घ्याव्यात.

गोळ्यांबद्दल दोन ओळी, कारण त्या टाकून दिल्या जातात. चौथ्या महिन्यापासून रोज एक लोहाची, 180 दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा 180 दिवस. कॅल्शियमच्या दोन वेगळ्या, जेवणासोबत. दोन्ही एकदम घेतल्या तर लोह शोषलं जात नाही, मध्ये दोन तास हवेत. शौच काळी होते, ते अपायाचं नाही. मळमळत असेल तर रात्री झोपताना घ्यावी.

किराण्यातला डबा स्वच्छ असतो, चवही बरी, लोह-जीवनसत्त्वं घातलेली असतात. पण एका डब्याच्या पैशात किलोभर डाळ सहज येते, आणि डबा पुरवायला म्हणून आई तो पातळच करते. मग तो अंगणवाडीच्या पाकिटापेक्षा वरचढ कशात, हे सांगणं कठीण. दोन वर्षांखालच्या बाळांच्या अशा आहाराची जाहिरात आपल्याकडे कायद्याने बंद आहे (1992 चा कायदा, 2003 ची दुरुस्ती). चहात बुडवलेलं बिस्किट म्हणजे मैदा, साखर, तेल. ते भूक मारतं, आणि मग जेवायच्या वेळी लेकरू तोंड फिरवतं. तुलनेत सर्वात खाली.

पाकीट वेळेवर आलं नाही तर घरचं सातू करावं. दादर ज्वारी किंवा गहू 400 ग्रॅम, हरभऱ्याची डाळ 200, शेंगदाणे 100. तिन्ही वेगवेगळं भाजायचं. एकत्र भाजलं की डाळ करपते आणि ज्वारी कच्ची राहते. 100 ग्रॅमला साधारण 370 कॅलरी, 15 ग्रॅम प्रथिनं. सुरकुतलेले, काळपट, बुरशीचे दाणे वेचून टाकायचे, कारण त्या बुरशीचं विष भाजल्याने जात नाही. दाण्याचं तेल उन्हाळ्यात लवकर खवट होतं, म्हणून एका वेळी दहा दिवसांचंच करावं.

शेवटी वजन-मापं, तीही याच सेवेचा भाग. दंडाची पट्टी डाव्या हाताला, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये, हात सैल सोडून, उघड्या कातडीवर. आवळली तर निरोगी मूल कुपोषित दिसतं, ढिली ठेवली तर उलटं. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलात 11.5 सेंटिमीटरच्या खाली म्हणजे तीव्र कुपोषण, 11.5 ते 12.5 मध्यम. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी आडवं झोपवून, त्यापुढे उंची उभं करून. उलटं केलं की सुमारे 0.7 सेंटिमीटरचा फरक पडतो आणि मूल एका रकान्यातून दुसऱ्यात जातं. काट्याचं शून्य बघितल्याशिवाय मूल ठेवू देऊ नये. तीव्र कुपोषित पण भूक लागणारं मूल गावातल्या ग्राम बाल विकास केंद्रात सुधारू शकतं. दोन्ही पावलांवर सूज, ताप, किंवा खायला मागतच नाही अशी लक्षणं असतील तर घरी तूप-अंडी चारून बघत बसू नये, थेट रुग्णालयातल्या पोषण पुनर्वसन केंद्रात न्यावं. अशा अवस्थेत एकदम जड आहार दिला तर जीवावर बेतू शकतं. तिथे म्हणून तर आधी हलकं एफ-75 दूध आणि मगच जास्त कॅलरीचं एफ-100 देतात. साधारण दोन आठवडे राहावं लागतं, आईला तिथे जेवण आणि बुडीत मजुरी मिळते. तिसऱ्या दिवशी घरी परतण्याचं कारण बहुतेकदा घरी राहिलेली बाकीची मुलं असतात, तेव्हा त्यांची सोय आधी लावूनच निघावं.

आणि पाकीट खराब निघालं तर पीठ गोठ्यात टाकून मोकळं होऊ नये. रिकामी पिशवी बॅच क्रमांकासकट जपून ठेवावी, सेविकेच्या वाटप नोंदवहीत त्याच तारखेसमोर तक्रार लिहायला लावावी आणि पर्यवेक्षिका येईल त्या दिवशी दोन्ही समोर ठेवावं. एकटीच्या तक्रारीपेक्षा त्याच बॅचची चार घरच्या पिशव्यांची तक्रार लवकर हलते.